तयार पीसी की जोडलेला? मालवणातून बघताना

भाच्याला गेमिंग पीसी हवाय, बजेट बेताचं. तयार घ्यायचा की सुटे पार्ट आणून जोडायचा, यावर आमच्या पडवीत आठवडाभर खल चाललाय.

तयार पीसीचं सुख एवढंच: वायर लावली की चालू, आणि वॉरंटी एकाच दारात. पण जाहिरातीत प्रोसेसर ठळक छापतात आणि काटकसर करतात ती पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्यात. मी मागे घेतलेल्या तयार पीसीच्या सप्लायवर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं. पहिल्याच पावसात लाइट चारदा गेली-आली, नि तो जळका वास सोडून गेला. रॅमही ८ जीबीची एकच पट्टी. रायझन ५ ५६००जी सारख्या, ग्राफिक्स आतच असलेल्या प्रोसेसर चिपला ग्राफिक्सची वेगळी मेमरी नसते, ती रॅममधूनच उचलते; तिथे ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्या की गेम डोळ्यांना जाणवेल इतका सुधारतो.

स्वतः जोडताना हे आपल्या हातात. आधी याच चिपवर भागवा, काजूचे पैसे आले की ग्राफिक्स कार्ड. फक्त सप्लाय पहिल्याच दिवशी पुढच्या कार्डाला पुरेल असा घ्या. त्रास म्हणजे बिघाड शोधायचा आपणच, आणि प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी. यूपीएस नि खाऱ्या वाऱ्यापासून लांबची जागा दोघांनाही लागतेच.

माझं मत जोडण्याकडे. चाकरमानी मामेभाऊ गणपतीला येताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून पार्ट आणणार आहे. काचेचं कॅबिनेट मात्र मांडीवर घेऊन ये म्हटलंय, कुरिअरवर माझा भरवसा नाही.