इक्यू लावल्यावर कोणता घ्यावा: एचडी ८०० एस की एलसीडी-एक्स?

खारघरच्या माझ्या भाच्याला शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी एकच, पण चांगला हेडफोन घ्यायचा आहे. यादी कापत कापत दोन नावांवर आली: सेनहायझरचा एचडी ८०० एस आणि ऑडेझीचा एलसीडी-एक्स. दोन्ही ओपन-बॅक, म्हणजे कपांची पाठ उघडी असलेले, दोन्ही लाखाच्या घरातले. पहिला माझ्याकडे ठाण्यात चार वर्षं आहे, दुसरा नेरूळच्या मित्राकडून तीन आठवड्यांसाठी मागून आणला. भाच्याचा प्रश्न नेमका होता: "मामा, मी इक्यू लावणारच आहे, मग दोघांत फरक उरतो कुठे?"

इक्यू म्हणजे इक्वलायझर, आवाजातले ठरावीक भाग कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. आधी त्याच्याशिवाय. २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक टोचणारा उंचवटा होता. २०१६ च्या ‘एस’मध्ये तो शोषून घेणारी रचना बसवली, त्यामुळे तो बराच खाली आला, तरी थोडा उरलाच. शिवाय अगदी खालचा बास हळूहळू ओसरतो. म्हणून तानपुऱ्याची जवारी झळाळून पुढे येते आणि खर्ज मागे राहतो. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. नेमकी तिथली भरीव गुंजन कमी पडते. एलसीडी-एक्सचं उलट. त्याचा बास तळापर्यंत सपाट जातो, डग्ग्याची मींड पोटात जाणवते. पण ३-४ किलोहर्ट्झच्या भागात खड्डा आहे. गायिका दोन हात मागे सरकून बसल्यासारखी वाटते, सारंगीच्या गजाची धार बोथट होते.

इक्यूसाठी मी हार्मन टार्गेट धरलं, म्हणजे हेडफोनचा आवाज कसा असावा याचा एक नमुना-आलेख. हार्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकवून, त्यांची पसंती नोंदवून ते ठरवलं, म्हणून सुरुवात तिथून करणं मला पटतं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं, अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे. एचडी ८०० एसला १०५ हर्ट्झवर ५ डेसिबलचा लो-शेल्फ (त्याखालचा सगळा बास उचलणारा फिल्टर) आणि ६ किलोहर्ट्झवर ३ डेसिबलची कपात. एलसीडी-एक्सला ३.५ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान ४ डेसिबलची भर आणि खाली ३ डेसिबलचा शेल्फ. जितकी भर घालाल तितका प्रीॲम्प (इक्यूमधली एकूण पातळी) खाली आणायचाच, नाहीतर समेवर आवाज फाटतो. आणि तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी लावा. जरा मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमीच सरस वाटतो. माझे पहिले दोन दिवस त्यातच वाया गेले.

असं लावल्यावर स्वरांचा रंग दोन्हींकडे खूप जवळ येतो. स्त्री-स्वर, हार्मोनियम, तबल्याची चाट, यांवरून आता कोणता वाजतोय हे ओळखायला मला थांबावं लागलं. पण एक तफावत पुसली गेली नाही. एचडी ८०० एसचा ५६ मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानापासून लांब आणि तिरका बसवलेला आहे. साथीदार कोण कुठे बसलाय ते त्यात मोकळं दिसतं. एलसीडी-एक्सच्या १०६ मिलिमीटरच्या प्लॅनर, म्हणजे सपाट आणि पातळ, पडद्याला बास कितीही वाढवा, तो डगमगत नाही. एचडी ८०० एसवर मोठ्या आवाजात ५ डेसिबलच्या पुढे गेलं की खर्ज मऊ, लोकरीसारखा होतो. ८ किलोहर्ट्झच्या वर मी कुठेच हात लावला नाही. तिथली मोजमापं कृत्रिम कानावर घेतलेली असतात, आपल्या कानाची घडण वेगळी.

आता ज्यावर कोणताही फिल्टर चालत नाही, ते वजन. एचडी ८०० एस केबल सोडून ३३० ग्रॅम. एलसीडी-एक्स ६१२, कारण प्लॅनर पडद्याला मोठे चुंबक लागतात. वरची पट्टी डोक्यावरचा भार पसरवते, मान मात्र तेवढंच उचलते. चाळीस मिनिटांनी माझा हात आपोआप वर जायचा. त्यात ठाण्याचा मे महिना. जाड, चामड्यासारख्या पॅडखाली कानामागे घाम साचतो, दर थोड्या वेळानं पुसावा लागतो. एचडी ८०० एसचे मायक्रोफायबर पॅड मोठे आहेत, कान आत मोकळा राहतो. भाचा चष्मा लावतो, हेही महत्त्वाचं. चष्म्याच्या दांडीनं पॅड उचलला गेला की फट पडते आणि एलसीडी-एक्सचा तो प्रसिद्ध बास तिथूनच गळतो. मग इक्यूचे आकडे बरोबर असूनही ऐकू वेगळंच येतं.

खोलीचंही बघा. माझी खिडकी घोडबंदर रोडकडे, भाच्याची सायन-पनवेल महामार्गाकडे. ओपन-बॅक बाहेरचं काहीच अडवत नाही, पंख्याची घरघरसुद्धा थेट तानपुऱ्यात मिसळते. रात्री अकरानंतर, खिडक्या लावून ऐकणं जमणार असेल तरच या दोघांचा विचार करावा. नसेल तर सरळ बंद पाठीचा क्लोज्ड-बॅक.

खर्चात एक भर धरा. एलसीडी-एक्स २० ओहमचा, फोनला लावायच्या छोट्या डोंगलवरही वाजतो. एचडी ८०० एस ३०० ओहमचा, त्याला जास्त व्होल्टेज लागतं, त्यात आपण प्रीॲम्प ५ डेसिबल उतरवलेला. त्यामुळे बऱ्यापैकी हेडफोन ॲम्प हवाच.

बजेट ताणायचं नसेल तर १९९७ पासून मिळणारा सेनहायझरचाच एचडी ६०० घ्या. वजन सुमारे २६० ग्रॅम. नवा असताना कनपटी घट्ट धरतो, जागेची भावना आखूड, पण कंठाचा स्वर इक्यूशिवायही सच्चा लागतो.

भाचा एका बैठकीत दोन-दोन तास ऐकतो, चष्मा लावून. त्याला मी एचडी ८०० एस सांगेन. तोच तबला शिकत असता आणि अर्ध्या तासाचे सोलो ऐकत असता, तर एलसीडी-एक्स म्हणालो असतो. रविवारी तो इकडे येतोय, मित्राचा हेडफोन अजून माझ्याकडेच आहे. चष्मा काढायचा नाही, पंखा बंद, आणि विलंबितापासून द्रुत संपेपर्यंत हेडफोन उतरवायचा नाही, असं आधीच सांगून ठेवलंय.