अभ्यासक्रम घ्यावा की संशोधन-चर्चासत्र? विषयागणिक बदलणारे उत्तर

नावनोंदणीच्या अर्जात एकच जागा उरलेली असते. एका बाजूला असतो रीतसर शिकवला जाणारा अभ्यासक्रम, ज्याचे घटक, पाठ्यपुस्तक आणि सत्राअखेरची परीक्षा आधीपासून ठरलेली असते. दुसऱ्या बाजूला असते संशोधन-चर्चासत्र, म्हणजे आठवड्यातून एकदा दोन तासांची बैठक, दर वेळी नवा शोधनिबंध किंवा नवा वक्ता, आणि मूल्यमापनाच्या रकान्यात ‘सहभाग व टिपण’ एवढीच नोंद. दोन्हींसमोर श्रेयांक सारखेच छापलेले असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालून जाईल असा समज होतो, आणि मग वेळापत्रकात काय बसते किंवा शिकवणारे कोण आहेत एवढ्यावरच निवड उरकली जाते. ही निवड अशी उरकण्यासारखी नाही असे मला मनापासून वाटते, कारण या दोन ठिकाणी शिकवल्या जाणाऱ्या गोष्टीच मुळात वेगळ्या आहेत. आपल्याकडे त्यांपैकी कशाची उणीव आहे, आणि आपला विषय कोणत्या पद्धतीने रचला जातो, हे दोन प्रश्न आधी सोडवले तर निवड बरीच सोपी होते.

मराठीत ‘चर्चासत्र’ हा शब्द एक-दोन दिवसांच्या परिषदेसाठीही वापरला जातो. इथे तो अर्थ अभिप्रेत नाही. सत्रभर नियमितपणे भरणारी, बहुतांशी तेच ते लोक जमणारी आणि अजून पूर्ण न झालेल्या कामावर चर्चा करणारी बैठक, एवढ्याच अर्थाने हा शब्द पुढे येईल.

घडण कुठून आली

‘सेमिनार’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका असा आहे, आणि विद्यापीठीय चर्चासत्राची सुरुवातही त्याच हेतूने झाली. अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठांमध्ये, आधी ग्योटिंगेन येथे आणि 1787 मध्ये फ्रीडरिश ऑगस्ट वोल्फ यांच्या पुढाकाराने हाले येथे, अभिजात भाषांची चर्चासत्रे स्थापन झाली. शाळांना चांगले भाषाशिक्षक मिळावेत हा त्यामागचा व्यावहारिक उद्देश होता. पण तिथे विद्यार्थ्याला व्याख्यान ऐकून उतरवून घ्यायचे नसे, तर ग्रंथाचा एखादा उतारा स्वतः लावून दाखवायचा असे आणि त्यावर इतरांचे आक्षेप झेलायचे असत. पुढे लेओपोल्ड फॉन रांके यांनी बर्लिनमध्ये हीच रीत इतिहासात आणली. त्यांचे विद्यार्थी त्यांच्या घरी जमून मध्ययुगीन साधनांची छाननी करत. 1834 मध्ये क्योनिग्सबर्ग येथे कार्ल याकोबी आणि फ्रांझ नॉयमान यांनी गणित व भौतिकशास्त्रासाठी चर्चासत्र सुरू केले आणि नेमके मोजमाप व उदाहरणे सोडवणे हा त्याचा कणा बनला.

हा इतिहास इथे देण्याचे कारण असे की प्रत्येक विद्याशाखेने तोच शब्द उचलला, पण त्यात आपापले काम भरले. त्यामुळे ‘चर्चासत्र कसे असते?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. अभ्यासक्रमाचे तसे नसते. तो कोणत्याही विषयाचा असला तरी एकाने शिकवायचे, बाकीच्यांनी क्रमाने शिकायचे आणि शेवटी त्याची तपासणी व्हायची, ही चौकट फारशी बदलत नाही.

वेळ आणि श्रम

युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका शैक्षणिक वर्षाचे 60 श्रेयांक धरले जातात आणि एका श्रेयांकामागे साधारण 25 ते 30 तासांचे काम गृहीत असते. म्हणजे 5 श्रेयांकांचा अभ्यासक्रम असो की चर्चासत्र, कागदावर दोन्हींना 125 ते 150 तास लागतात. प्रत्यक्षात हे तास अगदी निराळ्या रीतीने खर्च होतात. अभ्यासक्रमात ते सत्रभर पसरलेले असतात आणि कधी ताण येणार हे पहिल्या दिवशीच दिसते. चर्चासत्रात मात्र काही आठवडे केवळ वाचनाचे जातात, आणि ज्या आठवड्यात आपली सादरीकरणाची पाळी असते तो आठवडा दुसरे काहीही करू देत नाही. ज्यांना त्याच सत्रात प्रयोगशाळेचे ठरलेले वेळापत्रक किंवा अध्यापनाची जबाबदारी आहे, त्यांनी हा फरक हलका समजू नये. पाळीची तारीख पहिल्याच बैठकीत मागून घ्यावी आणि ती सत्राच्या मध्यावर असेल असे पाहावे. फार लवकर घेतली तर गटाची रीत अजून कळलेली नसते, आणि शेवटची घेतली तर मिळालेल्या सूचनांवर काम करायला सत्रच उरत नाही.

विषयाप्रमाणे पारडे कुठे झुकते

गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्र यांत माझे मत स्पष्ट आहे: पाया नसेल तर आधी अभ्यासक्रम. या विषयांत एक संकल्पना दुसरीवर उभी असते आणि मधली एक वीट नसेल तर पुढचे काहीच दिसत नाही. मी स्वतः एकदा अभ्यासक्रम टाळून थेट चर्चासत्रात जाऊन बसलो होतो. सत्र संपल्यावर वही उघडली तर तिच्यात सगळ्या व्याख्या नीट उतरवलेल्या होत्या आणि एकाही सिद्धतेचा शेवट नव्हता, कारण दर वेळी विसाव्या मिनिटाच्या सुमारास धागा सुटत असे आणि तो सुटल्याचे विचारायलाही कोणत्या शब्दात विचारावे हे कळत नसे. तरीही या विषयांतील चर्चासत्राची थोरवी कमी होत नाही. मॉस्कोमध्ये इझराइल गेल्फान्द यांनी 1943 मध्ये सुरू केलेले चर्चासत्र अनेक दशके चालले. तिथे वक्त्याला मध्येच थांबवून श्रोत्यांपैकी एखाद्या विद्यार्थ्याला आतापर्यंतचा मुद्दा समजावून सांगायला लावत. पॅरिसमध्ये 1948 पासून भरणाऱ्या बूर्बाकी चर्चासत्राची रीत आणखी वेगळी. तिथे वक्ता सहसा स्वतःचे नव्हे, तर दुसऱ्या कोणाचे तरी नवे संशोधन मांडतो आणि त्याचे लेखी टिपण तयार करतो. पायाचे अभ्यासक्रम पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यासाठी या दुसऱ्या प्रकारचे चर्चासत्र फार मोलाचे असते, कारण दुसऱ्याची सिद्धता इतरांना पटेल अशी मांडताना ती खरोखर समजावी लागते.

इतिहासात पारडे उलट बाजूला झुकते, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. एखाद्या कालखंडाचा अभ्यासक्रम घटनाक्रम देतो, मतभेदांची ओळख करून देतो, ग्रंथांची यादी देतो. हे सारे उपयोगी आहे, पण चिकाटीच्या वाचकाला त्यातले बरेचसे ग्रंथालयात बसून मिळवता येते. साधन कसे वाचायचे हे मात्र एकट्याने शिकणे फार अवघड आहे. मी ज्या चर्चासत्रात बसत असे, तिथे एका बैठकीचे पूर्ण दोन तास एका पत्राच्या चार ओळींवर गेले होते. पत्राच्या डोक्यावर तारीख होती, परंतु तिची शाई मजकुराच्या शाईपेक्षा फिकी होती आणि अक्षराचे वळणही निराळे होते. ती तारीख पत्र लिहिणाऱ्याने घातली की पत्र पोहोचल्यावर दप्तरात नोंद करणाऱ्याने, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. पहिली शक्यता धरली तर पत्रात उल्लेखलेली घटना लेखकाला ती घडण्याआधीच ठाऊक होती असे ठरत होते, आणि दुसरी धरली तर पत्र निघण्याचा दिवस मागे ढकलावा लागून सादर करणाऱ्याच्या प्रकरणाचा मुख्य युक्तिवादच ढासळत होता. शेवटी त्याच दप्तरातील इतर पत्रे काढून नोंदणाऱ्याचे अक्षर ताडून पाहायचे ठरले. कोणत्याही घटकसूचीत हा पाठ लिहिलेला नसतो. साहित्य, मानवशास्त्र आणि हस्तलिखितांवर आधारलेले भाषाभ्यास यांनाही हेच लागू पडते. या विषयांत पाया थोडा कच्चा असला तरी चर्चासत्रात बसता येते, कारण उणा संदर्भ वाचून भरता येतो आणि चर्चेचा प्रश्न साध्या भाषेत मांडता येण्याजोगा असतो.

प्रयोगावर आधारलेल्या विज्ञानांत निवड खरे तर तिहेरी असते. तिथे अभ्यासक्रम आणि चर्चासत्र यांच्या जोडीला शोधनिबंध-वाचन गट असतो, ज्याला बहुतेक ठिकाणी जर्नल क्लब असेच म्हणतात. वैद्यकात ही प्रथा जुनी आहे. विल्यम ऑस्लर यांनी 1875 मध्ये मॅकगिल विद्यापीठात असा गट सुरू केला तेव्हा एकट्याला न परवडणारी नियतकालिके वाटून घेणे हा त्याचा एक हेतू होता. आज त्याचा खरा उपयोग आकृत्या वाचायला शिकण्यात आहे. निष्कर्षाचा परिच्छेद बाजूला ठेवून आधी आलेख पाहायचा, नियंत्रण गट कोणता आहे, नमुने किती आहेत आणि त्रुटीदर्शक रेषा नेमके काय दाखवते हे विचारायचे, आणि मगच लेखकाचे म्हणणे त्या आलेखातून निघते का ते तपासायचे. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम केलेला नसेल तर हे प्रश्न ओठांवर येतच नाहीत. म्हणून या क्षेत्रात संशोधनपद्धती किंवा संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम आणि त्याच सत्रात श्रेयांकाविना जर्नल क्लब, ही जोडी मला सर्वांत लाभदायक वाटते.

अर्थशास्त्राच्या चर्चासत्रात वक्त्याला पहिल्या पाच मिनिटांतच अडवले जाणे नेहमीचे आहे, तर तत्त्वज्ञानात बहुधा निबंध पूर्ण ऐकून घेतला जातो आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे तितकाच किंवा जास्त वेळ चालतात. यांतली कोणती रीत बरी हे स्वभावावर ठरते, पण आपण कुठे जात आहोत हे आधी माहीत असावे. कायद्यात तर अभ्यासक्रमानेच चर्चेचे रूप घेतले आहे. 1870 च्या सुमारास क्रिस्टोफर लँगडेल यांनी हार्वर्डमध्ये निवाड्यांच्या आधारे, प्रश्न विचारत शिकवण्याची पद्धत रुजवली, त्यामुळे तिथे दोन्हींतील अंतर इतर विषयांपेक्षा कमी आहे.

दुसऱ्या विषयात जाताना

आपल्या विषयाबाहेर काही घ्यायचे असेल तेव्हा अडचण वेगळी असते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञान हवे असते, इतिहासाच्या विद्यार्थ्याला लोकसंख्याशास्त्र. अशा वेळी बहुतेक मार्गदर्शक प्रास्ताविक अभ्यासक्रम सुचवतात, आणि परिभाषा आत्मसात करण्यासाठी ते बरोबरही आहे. परंतु त्या विषयात पुरावा कशाला म्हणतात आणि कोणत्या आक्षेपाला वजन असते, हे प्रास्ताविक अभ्यासक्रमात क्वचितच दिसते. कोलंबिया विद्यापीठात फ्रँक टॅननबॉम यांच्या कल्पनेतून 1945 मध्ये सुरू झालेली आंतरविद्याशाखीय चर्चासत्रे याच उणिवेवर बोट ठेवतात. एकाच प्रश्नावर निरनिराळ्या शाखांचे लोक वर्षानुवर्षे एकत्र बसले तरच एकमेकांची प्रमाणे समजतात, हे त्यामागचे गृहीतक मला पूर्णपणे पटते. म्हणून पाहुण्या विषयातील माहिती वापरायची असेल तर अभ्यासक्रम घ्यावा, आणि त्या विषयातील जाणकारांना पटेल असे काही लिहायचे असेल तर चर्चासत्र.

निवडीपूर्वीची एक कसोटी

चर्चासत्रात मागील सत्रात वाचले गेलेले तीन शोधनिबंध मिळवावेत आणि प्रत्येकी एक तास द्यावा. लेखक कोणता प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नाची आधीची उत्तरे त्याला अपुरी का वाटतात, एवढे जर आपल्या शब्दांत चार वाक्यांत लिहिता आले, तर मधली सिद्धता किंवा तंत्र कळले नसले तरी चर्चासत्र खुशाल घ्यावे. प्रश्नच लिहिता आला नाही तर या सत्रात अभ्यासक्रम घ्यावा. त्यात कमीपणा नाही, चर्चासत्र पुढच्या सत्रातही असते.

त्याबरोबर संयोजकांना दोन गोष्टी विचाराव्यात: मसुदा किती दिवस आधी मिळतो, आणि नव्या सदस्याला पहिल्या सत्रात सादरीकरण करावे लागते का. मसुदा आधी मिळतच नसेल तर ती बहुधा व्याख्यानमाला आहे आणि तिच्यासाठी श्रेयांकाची जागा खर्चू नये. शिफारसपत्राचा विचार असेल तर लहान चर्चासत्राचे पारडे जड आहे. साठ जणांच्या वर्गात शिक्षकाला आपले गुण आठवतात, तर दहा जणांच्या बैठकीत आपण घेतलेला आक्षेप आणि चूक दाखवल्यावर केलेली दुरुस्ती त्याच्या लक्षात राहते. ज्यांना गुणपत्रिकेवर अमुक विषय अमुक श्रेणीत उत्तीर्ण असे दाखवणे आवश्यक आहे, त्यांच्यासाठी मात्र अभ्यासक्रमाला पर्याय नाही.

अभ्यासक्रम निवडला तरी त्याच सत्रात संयोजकांची परवानगी घेऊन चर्चासत्राच्या दोन-तीन बैठकांना बसावे. त्या निवडताना नामवंत पाहुण्याच्या भाषणाची तारीख सोडून द्यावी आणि वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी प्रबंधाचे अर्धवट प्रकरण घेऊन येणार आहे ती तारीख धरावी. पाहुण्याचे काम पूर्ण झालेले असते, त्या विद्यार्थ्याचे मात्र तुमच्या डोळ्यांसमोर बदलते.