दांडिया बाजारातला शब्दसंग्रहाचा वर्ग: पेटी घ्या, फ्रेंचचा तक्ता मात्र पेन्सिलीने सुधारून वापरा

बडोद्यात इंग्रजीचे वर्ग पैशाला पासरी, पण त्यातले बहुतेक आयईएलटीएसपुरते, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेपुरते. दांडिया बाजारातला हा वर्ग निव्वळ शब्दांचा. दहा आठवडे, आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास, फी साडेचार हजार. कार्डांची पेटी आणि छापील तक्ते फीमध्येच. शिकवणं अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. इंग्रजी अग्रलेख अडखळत का होईना वाचता येत असेल तर जा. काळांशीच अजून झटापट चालू असेल तर हे पैसे व्याकरणावर घाला.

पेटी खरोखर चांगली आहे. पाच कप्पे: नवं कार्ड पहिल्यात, मग १, २, ४, ८ आणि १६ दिवसांनी उजळणी, आणि चुकलं की थेट परत पहिल्या कप्प्यात. गणित फसतं ते वर्गाच्या सल्ल्यात. रोज ३० नवी कार्डं काढा म्हणतात. प्रत्येक कार्ड कमीत कमी पाच वेळा हातात येणार, म्हणजे महिनाभरात रोजची उजळणी १५० कार्डांवर जाते, तीही एकही चूक न होता. कार्डाला १० सेकंद धरले तरी २५ मिनिटं, आणि चुकलेली कार्डं वेगळीच. पाचव्या आठवड्यात पेट्या माळ्यावर जातात त्या यामुळे. त्यात आळसाचा संबंध नाही. रोज १२ नवी काढा. उजळणी ६० कार्डांवर, दहा मिनिटांत आटोपते, आणि वर्ग संपेपर्यंत ८४० शब्द हाताखालून जातात. तेवढे पुष्कळ झाले.

कार्डांची मागची बाजू एकसारखी नाही. ‘डिसइंटरेस्टेड’चं कार्ड उत्तम: अर्थ ‘निःपक्षपाती’, खाली पंचाचं वाक्य, आणि ‘रस नसलेला’ म्हणायचं तर ‘अनइंटरेस्टेड’ हा इशारा. ‘मिटिगेट’ (सौम्य करणे) आणि ‘मिलिटेट’ (विरोधात जाणे) ही जोडीही नीट सोडवली आहे: दुसऱ्यापुढे ‘अगेन्स्ट’ लागतं, पहिल्यापुढे कधीच नाही. पण अशी पूर्ण कार्डं निम्मीच. उरलेल्यांवर एक मराठी प्रतिशब्द आणि संपलं. ‘फस्टिडियस’ला नुसतं ‘काटेकोर’ लिहिलंय, तेच ‘मेटिक्युलस’लाही. हिशेब मेटिक्युलस असतो. फस्टिडियस माणसाला ताटाच्या कडेवरचा डागसुद्धा चालत नाही, त्यात किंचित नाक मुरडणं आहे, म्हणून तिथे ‘चोखंदळ’ जवळचा. ‘एनॉर्मिटी’ला ‘प्रचंडपणा’ दिलंय. शब्दाचा मुख्य रोख अत्याचाराच्या घोरपणाकडे आहे. एका शब्दासमोर एकच शब्द ठेवला की असंच होणार. याच गावात सयाजीरावांनी १९३१ साली शासन शब्दकल्पतरू हा कोश छापून घेतला, तेव्हा राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द एका ओळीत मांडले होते. तशा ओळीत कुठला शब्द किती झाकतो ते नजरेत भरतं. कार्डावर निदान दोन प्रतिशब्द आणि एक वाक्य हवंच. ते तुम्हीच लिहा, मागे जागा भरपूर सोडली आहे.

आता फ्रेंच. सातवा-आठवा आठवडा इंग्रजीत मुरलेल्या फ्रेंच शब्दप्रयोगांचा, आणि वर्गाची खरी मजा इथेच. सुरुवात लग्नपत्रिकेने होते. आपल्याकडे पत्रिकेच्या तळाशी आर. एस. व्ही. पी. छापून खाली काका-मामांची नावं आणि फोन नंबर देतात, जणू ते निमंत्रकांचंच दुसरं नाव! मूळ फ्रेंच वाक्याचा अर्थ ‘कृपया उत्तर कळवा’. त्यामुळे ‘प्लीज आरएसव्हीपी’ म्हणजे दोनदा कृपया. ‘ने’ हा शब्दही पत्रिकेच्या ओघातच येतो: आपण ‘पूर्वाश्रमीच्या’ लिहितो तिथे इंग्रजीत तो, आणि बाईसाठी शेवटी दोन ई. ‘फियान्से’चंही तसंच, नियोजित वधू दोन ईंची, वर एका ईचा.

गाडी घसरते उच्चारांच्या तक्त्यावर. ‘फ्रेंचमध्ये शेवटचं व्यंजन गिळायचं’ एवढाच नियम दिलाय आणि तो सगळीकडे लावलाय. त्यातून ‘कू द ग्रा’ झालं. मरणासन्नाला दिलेला शेवटचा घाव म्हणजे ‘कू द ग्रास’. तिथे सीनंतर ई आहे, म्हणून स उच्चारायचा. ‘ग्रा’ म्हटलं की फ्रेंच कानाला चरबी ऐकू येते. शब्दाच्या शेवटी सी, आर, एफ किंवा एल असेल तर ते अक्षर बऱ्याचदा उच्चारतात. ‘बेट न्वार’मध्ये (डोळ्यांत खुपणारी गोष्ट) आरनंतर ई आहे, म्हणून तिथेही र राहतो. ‘कल-द-सॅक’मध्ये (बंद गल्ली) मात्र फ्रेंच माणूस ल गिळतो आणि इंग्रज उच्चारतो. ‘व्हीझ-आ-व्ही’त (च्या संदर्भात) पुढे स्वर आल्यामुळे पहिला एस जागा होतो. आणखी एक अडचण देवनागरीची: ‘डेजा व्हू’ (हे आधी घडलंय असा भास) छापलं की मराठी वाचक जहाजातला ज लावतो किंवा जिवातला. हवा आहे तो ‘प्लेझर’मधला. पॅरिसचा उच्चार गाठायची गरज नाही, इंग्रजी शब्दकोशातला ध्वनी ऐका आणि तक्त्यावर पेन्सिलीने दुरुस्ती करा.

‘नोम द प्लूम’ (लेखकाचं टोपणनाव) आणि ‘डबल आँताँद्र’ (द्व्यर्थी बोल) अस्सल फ्रेंच म्हणून शिकवतात. पहिला इंग्रजांनीच फ्रेंच शब्द जुळवून घडवला. दुसऱ्यासाठी आजचा फ्रेंच माणूस वेगळाच शब्दप्रयोग वापरतो. ‘आँत्रे’ फ्रान्समध्ये जेवणाची सुरुवात, अमेरिकेत मुख्य पदार्थ. मेनू वाचताना हे माहीत असलेलं बरं. ‘बोना फाइड’ आणि ‘पर से’ याच यादीत आहेत. ते लॅटिन, सरळ काट मारा.

परीक्षेसाठी येणाऱ्यांना एक धोका. आयईएलटीएसच्या लेखनात शब्दसंपदेला एक चतुर्थांश वजन आहे, पण सात बँडच्या (नऊपैकी सात गुणांच्या) वर्णनात कमी वापरातल्या शब्दांबरोबर शैली आणि शब्दांची संगत यांचं भानही मागितलंय. वर्गातले सराव-निबंध ‘रेझॉन देत्र’ (अस्तित्वाचं प्रयोजन) आणि ‘फेट अकॉम्प्ली’ (होऊन चुकलेली गोष्ट) यांनी खच्चून भरतात आणि त्याला शाबासकी मिळते. ‘पर्पज’ने काम भागत असेल तर ‘पर्पज’च लिहा.

‘फियान्से’मधला डोक्यावर तिरकं चिन्ह असलेला ई (é) टाइप करताना: फोनवर ई दाबून धरा, विंडोजवर ऑल्ट धरून आकड्यांच्या वेगळ्या कीपॅडवर ०२३३ टाइप करा. तो कीपॅड नसलेल्या लॅपटॉपवर हे चालत नाही. ‘रेझ्युमे’वरचे चिन्ह गळले तर तो ‘पुन्हा सुरू करणे’ असा वाचला जाऊ शकतो. तक्त्यावर ही चिन्हं छापलेलीच नाहीत.

शेवटची चाचणी फक्त जोड्या लावा, ५० गुणांची. त्या गुणांवर जाऊ नका. पेटीच्या पाचव्या कप्प्यातली दहा कार्डं डोळे मिटून उचला आणि प्रत्येकाचं वाक्य लिहा. सात वाक्यांत शब्द योग्य सोबत्यासह बसला तर साडेचार हजार वसूल.