आटे गेलेल्या इंजिन ब्लॉकसाठी कॉइलचा संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाण्याच्या पंपाचा शेवटचा बोल्ट आवळताना टॉर्क रेंचचा (ठरवलेला आवळ मिळाला की कळवणाऱ्या पान्याचा) ‘टक’ असा आवाज येण्याची मी वाट पाहत होतो, पण तो आलाच नाही. बोल्ट मऊपणे फिरतच राहिला, आणि उलटा फिरवून बाहेर काढला तेव्हा त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमची बारीक वेटोळी अडकलेली निघाली. ते ब्लॉकमधले आटे होते. दोष माझाच होता, कारण आदल्या खेपेस हाच बोल्ट मी लांब दांड्याच्या पान्याने, निव्वळ अंदाजाने आवळला होता.

एवढ्यासाठी ब्लॉक बदलण्यात अर्थ नव्हता आणि ब्लॉकच्या त्या भागात पुढचा मोठा बोल्ट बसवायचा तर पंपाचे भोकही वाढवावे लागले असते. म्हणून एम८ मापाचा (८ मिमी व्यासाच्या बोल्टसाठीचा), १.२५ मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढे अंतर असलेला, आटे दुरुस्तीचा संच आणला. त्यात ८.३ मिमीचे ड्रिल बिट, भोकात आटे पाडणारा एक खास टॅप, कॉइल बसवायचा दांडा, कॉइलचे शेपूट (दांडा जिथे पकडतो ते तळाचे आडवे टोक) तोडायचा पंच आणि १२ मिमी लांबीच्या दहा कॉइल होत्या.

कॉइल म्हणजे चौकटच्या पानासारखा छेद असलेल्या स्टेनलेस तारेचे वेटोळे. तिच्या बाहेरच्या धारा ब्लॉकमध्ये नव्याने पाडलेल्या आट्यांत बसतात आणि आतल्या धारांतून मूळ मापाचाच बोल्ट जातो. मोकळी असताना ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत शिरताना आक्रसते आणि बसल्यावर बाहेरच्या बाजूला रेटून घट्ट धरते. बाहेरचे आटे साधारण ९.६ मिमी व्यासाचे होत असल्याने नरम ॲल्युमिनियमला मूळच्यापेक्षा जास्त पकड मिळते. मात्र या मापामुळेच घरातला एखादा १० मिमीचा टॅप येथे चालवता येत नाही. संचातलाच टॅप लागतो.

संचातला टॅप आणि ड्रिल बिट दोन्ही उत्तम पोलादाचे निघाले, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती संचात नसलेल्या गोष्टीबद्दल. ड्रिल सरळ धरण्यासाठी त्यात कसलाही मार्गदर्शक ठोकळा नाही, आणि ही दुरुस्ती साधते किंवा बिघडते ती नेमकी तेथेच. आटे निघून गेल्यावर भोक आधीच जवळपास ८ मिमीचे झालेले असते, ८.३ च्या बिटाला कापण्यासारखे थोडेच उरते आणि त्यामुळे ते ॲल्युमिनियममध्ये एकदम ओढले जाते. भंगारातल्या तुकड्यावर सराव केला तेव्हा माझे पहिलेच भोक डोळ्यांना दिसेल इतके तिरपे गेले. अखेर पंपाची जुनी बॉडी बाकीच्या बोल्टांनी ब्लॉकवर कसून तिच्याच भोकातून ड्रिल चालवले. टॅपला तो आधार मिळत नाही, म्हणून प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर छोटा गुण्या दोन बाजूंनी लावून पाहत होतो.

ड्रिलवर खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी गुंडाळली होती, कारण भोक आरपार नव्हते आणि तळ फोडणे परवडणारे नव्हते. टॅपला रॉकेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवला, आणि मधूनमधून पूर्ण बाहेर काढून त्याच्या खाचांतला कीस पुसला. खाचांत ग्रीस भरल्यास बराचसा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. शेजारच्या उघड्या भागांत आधीच फडकी कोंबून ठेवावीत. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

दुसरी उणीव टॅपची. संचात एकच टॅप असून त्याच्या टोकाकडचे चारेक आटे निमुळते आहेत, म्हणजे बंद भोकाच्या तळाशी सुमारे ५ मिमी भागात पूर्ण आटे पडत नाहीत. माझे भोक २२ मिमी खोल होते म्हणून १२ मिमीची कॉइल सहज मावली. उथळ भोक असते तर तळापर्यंत कापणारा टॅप वेगळा शोधावा लागला असता. शिवाय ॲल्युमिनियमसाठी मला १६ मिमीची कॉइल अधिक पसंत पडली असती; ती संचात नाही.

कॉइल बसवणे हा सगळ्यात सोपा भाग. दांड्यावर चढवून, फारसा दाब न देता ती फिरवत न्यावी आणि वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेले की थांबावे. वर राहिली तर पंप ब्लॉकवर सपाट टेकणार नाही. शेपूट तोडायला पंचावर हलका, पण एकच ठोका हवा. येथे संचातला पंच दुसऱ्याच ठोक्याला टोकाशी वाकला, एवढा तो नरम होता. त्या जागी मी योग्य मापाचा जुना पंच वापरला. तुटलेला तुकडा बाहेर काढायला चुंबकावर पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण तार स्टेनलेस आहे. काडीच्या टोकाला ग्रीस लावून तो अलगद उचलता आला.

नवा बोल्ट तीन टप्प्यांत, पुस्तिकेतल्या २४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळला आणि या वेळी रेंचने ‘टक’ केले. आठ महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी पंप पुन्हा उतरवला, तेव्हा बोल्टबरोबर कॉइल बाहेर आली नाही. तिच्याभोवतीचे ॲल्युमिनियमही शाबूत होते.

पंप, ब्रॅकेट, झाकणे यांच्या बोल्टांसाठी हा संच मी निःशंकपणे सुचवेन, फक्त पंच आणि मार्गदर्शक ठोकळा स्वतंत्र घ्यावा. ॲल्युमिनियम ब्लॉकमधल्या हेड बोल्टांसाठी (इंजिनाचे वरचे हेड ब्लॉकवर कसणाऱ्या बोल्टांसाठी) मात्र हा संच हाताने वापरू नये. ते बोल्ट आधी टॉर्कने आणि मग अंशांच्या कोनात फिरवून ताणले जातात, त्यामुळे तेथे भोक जराही तिरपे चालत नाही. अशा ठिकाणी ब्लॉकच्या माथ्यावर बोल्टने कसलेला जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) आणि टाइम-सर्टसारखे भरीव बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेल्या धातूच्या नळ्या, वापरावेत. त्या बुशचे तळाचे आटे बसवतानाच बाहेर फाकून ब्लॉकमध्ये रुततात. दुरुस्तीनंतर भोकात तेल किंवा कूलंट साचलेले राहू देऊ नये, कारण बोल्ट शिरताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. माझ्या संचात अजून नऊ कॉइल शिल्लक आहेत.