मोरोक्को टूर : तीन तारे, त्यातला एक टँजिअरच्या गाइडचा

कंपनीचं नाव लिहीत नाही. ऑक्टोबरात मी आणि माझी जाऊ, दोघी बडोद्याहून गेलो. ग्रुप २८ जणांचा, मराठी आम्ही धरून चार. जेवणाला पैकीच्या पैकी मार्क: कासाब्लांकातही सकाळी थेपले-छुंदो, रात्री खिचडी-कढी. जाऊबाई खूश. मला एकदा तरी तिथलं ताजीन खायचं होतं, ते राहिलंच. बस चांगली, हॉटेलं बरी.

तक्रार टँजिअरची. पत्रकात 'पूर्ण दिवस', प्रत्यक्षात साडेतीन तास, त्यातला एक तास चामड्याच्या दुकानात!

दुकानात न शिरलेल्या आम्हा पाच जणांना तिथला म्हातारा गाइड एका रस्त्यावर घेऊन गेला. पाटीवर नाव अब्दर्रहमान युसूफी. माजी पंतप्रधान, टँजिअरचेच, पेशाने वकील. मी ३१ वर्षं न्यायमंदिरात वकिलांचे अर्ज टाइप केले, वकील म्हटलं की माझे कान टवकारतात.

जन्म १९२४चा. स्वातंत्र्यानंतर विरोधी पक्षात. वर्तमानपत्र चालवलं म्हणून तुरुंगात गेले. १९६५पासून पंधरा वर्षं फ्रान्समध्ये, परागंदा. आणि ज्या राजा हसनच्या राजवटीत हे सगळं भोगलं, त्याच राजाने १९९८मध्ये त्यांना सरकार बनवायला बोलावलं. तेव्हा वय ७४. २००२च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ५० जागा घेऊन पहिला आला, तरी नव्या राजाने, म्हणजे हसनच्या मुलाने, पंतप्रधान केलं पक्षाबाहेरच्या द्रिस जेत्तूंना. पुढच्या वर्षी युसूफींनी राजकारण सोडलं.

एक गोष्ट गाइडने गाळली, ती मला घरी आल्यावर वाचताना सापडली. २०००मध्ये युसूफींच्याच सरकारने तीन साप्ताहिकांवर बंदी घातली होती. स्वतः वर्तमानपत्रापायी तुरुंगात गेलेला माणूस! मला ते पचलं नाही.

रस्त्याला नाव २०१६मध्ये दिलं, ते हयात असताना. त्या समारंभाला राजा स्वतः आला होता. आपल्याकडे बडोद्यात सयाजीरावांचा काळा घोडा, म्हणजे त्यांचा घोड्यावरचा पुतळाही त्यांच्या हयातीतच उभा राहिला, पण ते स्वतः महाराज. इथे जुन्या विरोधकाची पाटी! त्याच वर्षी राजा त्यांना भेटायला हॉस्पिटलात गेला. त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतानाचा फोटो गाइडने मोबाइलवर दाखवला. जाऊबाई फोटो बघून म्हणाल्या, "एवढा मान द्यायचा होता, तर तेव्हाच खुर्ची राहू द्यायची होती ने!" मी इंग्रजीत सांगितलं, तर गाइड इतका हसला की त्याला ठसका लागला. युसूफी २०२०मध्ये गेले, ९६व्या वर्षी.

तेवढ्यात टूर मॅनेजरची शिट्टी. दहा मिनिटं उशीर केला म्हणून बसमध्ये सगळ्यांसमोर बोलला. गाइडची टिप पॅकेजमध्ये नव्हती, ती आम्ही पाच जणांनी मिळून दिली. बुक करताना टँजिअरचे तास लेखी मागा, आणि चामड्याचं दुकान वगळून मोजायला सांगा.