तिसरीच्या वर्गात गोट्यांची बरणी: आठ महिने वापरल्यावर

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते. पट ४७. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय, पण माझ्यासमोर रोज ४७ जण बसतात, एका बाकावर तिघं तिघं, आणि पावसाळ्यात वरच्या पत्र्यावर सर आली की माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. गेल्या जूनपासून मी वर्ग सांभाळायला गोट्यांची बरणी वापरतेय, आता फेब्रुवारी चालू आहे, आणि केंद्रातल्या, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला गेलं की कोणी ना कोणी विचारतंच की बाई खरंच उपयोग होतो का त्याचा, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्ण वर्गाने मिळून ठरलेली गोष्ट नीट केली की टेबलावरच्या बरणीत एक गोटी पडते, आणि बरणी खुणेपर्यंत भरली की पूर्ण वर्गाला बक्षीस. एकट्या हुशार मुलाला नाही, सगळ्यांना. बास, एवढंच आहे.

आधी मी काय करत होते ते सांगते, कारण त्याशिवाय फरक कळणार नाही. हाताची घडी तोंडावर बोट, जे आपल्याला आपल्या बाईंनी केलं तेच. मी ऑफिसात गेले की मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा, आणि ती नावं वर्षभर तीच सहा, कधीकधी तर मी वर्गात यायच्या आधीच लिहिलेली. मधल्या सुट्टीत त्या सहा जणांची आणि मॉनिटरची मारामारी ठरलेली. मी मुलांवर कधी हात उचलला नाही, पण दाराबाहेर उभं केलंय, फळ्यावर दिवसभर नाव ठेवलंय. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, आणि आठ वर्षांच्या पोराचं नाव सगळ्यांसमोर पाच तास फळ्यावर राहतं ते मला आता त्यातच मोजावंसं वाटतं.

बरणीच्या आधी जूनमध्ये दोन आठवडे मोबाईलवरचं एक ॲप पण वापरून बघितलं, प्रत्येक मुलाला वेगळे पॉइंट, चांगलं वागला की प्लस, नाही तर मायनस, आणि पालकांना घरी दिसतं. मला नाही झेपलं. ४७ नावांतून एक शोधून त्यावर दाबेपर्यंत मागच्या बाकावर दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असायचं, आणि पालकांचं म्हणाल तर निम्म्या घरांत एकच फोन, तो वडिलांबरोबर कंपनीत सेकंड शिफ्टला. एका आईने तर मायनस बघून पोराला धपाटे घातले. त्या दिवशी ॲप काढून टाकलं.

आता बरणी. सुरुवातीला गोट्या नव्हत्याच, चिंचोके होते, कारण दशक एकक शिकवायला माझ्याकडे चिंचोक्यांचा डबा भरलेला असतोच. म्हटलं खर्च कशाला. पण चिंचोके दोन कारणांनी बाद झाले. एक म्हणजे जुलैच्या ओलाव्यात त्यांना बुरशी आली आणि वरून कीड. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, चिंचोका पडतो तेव्हा आवाज येत नाही. मग जांभळी नाक्याच्या बाजारातून काचेच्या गोट्यांचं पाकीट आणलं, शंभर रुपयांच्या आत शंभर गोट्या, आणि घरातली एक पारदर्शक प्लास्टिकची बरणी, काचेची वर्गात नकोच. रिकाम्या बरणीत पहिली गोटी पडते ना तेव्हा टण्ण असा आवाज येतो, प्लास्टिक असूनही, आणि पाठ करून बसलेली पोरं सुद्धा मान वर करतात. मला एक शब्द बोलावा लागत नाही. ज्या माणसाचा घसा दर ऑगस्टला बसतो त्याला हे किती मोठं आहे ते शिक्षकालाच कळेल. एका सरांनी स्टीलचा डबा सुचवला होता, आवाज छान येईल म्हणून, पण मग भरत आलंय ते दिसत नाही, आणि मुलांचा सगळा जीव त्या दिसण्यात असतो.

गोटी कशासाठी टाकायची हे मी पहिल्या महिन्यात चुकवलं. 'चांगलं वागलात की गोटी' असं सांगितलं होतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला चांगलं वागणं म्हणजे काय ते कळत नाही, त्याला वाटतं गप्प बसणं. मग तीनच गोष्टी ठरवल्या आणि चित्रं काढून भिंतीवर लावल्या: विषय बदलताना जुनी वही आत, नवी बाहेर, एक जण बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं, पाण्याच्या टाकीवर रांगेत. आणि मुख्य म्हणजे हे सांगून भागत नाही, करून घ्यावं लागतं. वह्या वाटपाची आम्ही चार दिवस नुसती प्रॅक्टिस केली, जशी पंधरा ऑगस्टच्या कवायतीची करतो तशी. प्रत्येक रांगेच्या पहिल्या मुलाने गठ्ठा मागे द्यायचा, उठायचं नाही. आधी ४७ वह्या वाटायला सात आठ मिनिटं जायची, आता दोन. दिवसातून चार वेळा धरा, किती वेळ वाचतो तो.

शांत करायला मी बाकावर लेझीमचा ताल वाजवते, मुलं तो टाळीने परत देतात आणि थांबतात. हे बरणीपेक्षा वेगळं आहे पण दोन्ही जोडून वापरलं तर जमतं, नुसती बरणी ठेवून काही होत नाही. आणि गोटी टाकताना कशासाठी ते नेमकं बोलायचं, 'मागच्या रांगेने न सांगता दप्तरं बाकाखाली घेतली' असं, नुसतं 'शाब्बास' म्हटलं तर पुढच्या वेळी त्यांना काय करायचं ते कळत नाही.

बक्षिसं सगळी फुकटची आहेत. पहिल्यांदा मी चॉकलेट आणलं होतं, ४७ चॉकलेटं परवडत नाहीत आणि मग मुलं बरणीकडे न बघता माझ्या पर्सकडे बघायला लागली. आता मुलं हात वर करून निवडतात. पटांगणात वीस मिनिटं जास्त हे नेहमी पहिलं, पण त्यासाठी मोठ्या बाईंची परवानगी आणि दुपारच्या पाळीच्या कवायतीची वेळ दोन्ही बघावं लागतं. सगळ्यात जास्त जे लक्षात राहिलं ते व्हरांड्यातली अंगतपंगत. खिचडी रोजचीच, पण सगळे गोल बसले, ज्यांनी घरून डबा आणला होता त्यांनी वाटून खाल्लं, एकाच्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण अकरा जणांत गेलं. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधीच विचारायला लागले की बाई पुढची बरणी कधी.

एक व्यवहारी गोष्ट, बरणी मोठी घेऊ नका. माझी पहिली बरणी भरायला एकोणीस दिवस लागले, मुलांचा धीर सुटला. आता तीस गोट्यांवर लाल पट्टी लावलीय, आठवड्याभरात होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. ऑगस्टमध्ये मी गोट्या काढायला लागले. खूप गोंधळ झाला की एक गोटी बाहेर, आणि पहिले चार दिवस वर्ग एकदम चिडीचूप, मला वाटलं हाच खरा उपाय. पाचव्या दिवशी पाचव्या तासाला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून फिरायला लागला, तो बसूच शकत नाही, पायाला भिंगरी आहे त्याच्या, आणि मी गोटी काढली. शाळा सुटल्यावर बघते तर सात आठ मुलांनी त्याला नळाजवळ घेरलेलं, तुझ्यामुळे गोटी गेली, तुझ्यामुळे गेली. मारलं नव्हतं कोणी. मी सगळ्यांना पांगवलं आणि त्याला वर्गात आणून बसवलं तर तो दप्तराचा बंद चावत म्हणाला, "बाई, मी उद्या नाय आलो तर गोटी परत येईल ना?"

मी त्या रात्री झोपले नाही. मुलाला शाळेत आणायला आपण काय काय करतो, पटनोंदणी करतो, घरोघरी जातो, आणि मी माझ्या हाताने असा खेळ लावला की पोराला वाटतंय आपण नसलो तर वर्गाचं भलं होईल.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा प्रश्न जुना आहे. १९६९ साली अमेरिकेत बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ या तिघांनी चौथीच्या एका वर्गातला प्रयोग छापला, त्याला गुड बिहेवियर गेम म्हणतात. वर्गाच्या दोन टीम, कोणी नियम मोडला की त्या टीमच्या नावावर फळ्यावर खूण, कमी खुणा ती टीम जिंकली, आणि दोघांच्याही खुणा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही जिंकल्या. जागेवरून उठणं आणि मध्येच बोलणं त्यात खूपच कमी झालं. पण त्या वर्गातही एका मुलाने मी खेळणारच नाही असं सांगून टाकलं, आणि एकासाठी पूर्ण टीमला शिक्षा बरोबर नाही असं बाईंना आणि मुलांनाही वाटलं, म्हणून त्याला टीममधून बाहेर काढलं. मला तेही नको होतं. तो बाहेर बसला तर मग ही बरणी पूर्ण वर्गाची कशी?

तेव्हापासून माझा एकच नियम पक्का आहे, पडलेली गोटी बाहेर येत नाही. काहीही होवो. गोंधळ झाला तर गोटी पडणार नाही, एवढंच, पण कमावलेली जाणार नाही. आणि त्या मुलाचा हिशोब बरणीपासून वेगळा केला. त्याला प्रत्येक तासाला एकदा उठायची सोय दिली, खडू आणायचा, पाणी भरायचं, वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात पोचवायचा, आणि त्याच्या वेगळ्या हिशोबाचं एक छोटं कार्ड, ते फक्त मी आणि तो बघतो. वर्गाचा गोंधळ मोजताना तो फिरत असेल तर मी मोजत नाही, आणि मुलांना ते सरळ सांगून टाकलंय. दोघा तिघांनी कुरकुर केली, मग सवय झाली. तो आता सगळा सुधारला असं नाही, खिचडीनंतरच्या तासाला अजूनही दोनदा तीनदा उठतोच. पण रोज येतो.

सप्टेंबर ऑक्टोबर सगळ्यात छान गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र जोर ओसरला, टण्ण वाजलं तरी अर्धी मुलं मान वर करेनात. तेव्हा मी चिठ्ठ्या सुरू केल्या, सकाळी परिपाठानंतर तीनपैकी एक चिठ्ठी उचलायची आणि खिशात ठेवायची, आज कुठल्या गोष्टीला गोटी आहे ते शाळा सुटताना सांगायचं. मग तिन्ही नीट करावं लागतं. हे महिनाभर पुरलं.

डिसेंबरात मी तीन दिवस प्रशिक्षणाला होते, वर्ग दुसऱ्या बाईंकडे. परत आले तर बरणी लाल पट्टीच्या वर. मी मोजायला लागले तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, बाई त्यातल्या दहा नका धरू, त्या बाईंनी आम्ही गप बसावं म्हणून आधीच टाकल्या होत्या, आम्ही काय केलं नव्हतं. आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या दहा काढायच्या का यावर आम्ही अर्धा तास बोललो, कारण पडलेली गोटी बाहेर येत नाही हा नियम होता ना. शेवटी त्यांनीच ठरवलं की बरणीत राहू द्या, पण या वेळी पट्टी दहा गोट्या वर सरकवा. मी गणिताचा तास त्यातच धरला.

आता जानेवारीपासून कधीकधी दोन दोन दिवस गोटी टाकायचं मी विसरते आणि वह्या तरी दोन मिनिटांतच वाटून होतात, पाण्याची रांग पण राहते. ऐकण्याचं अजून नाही जमलेलं, एक जण वाचत असताना चार जण बोलतातच, आणि ४७ मुलांत ते पूर्ण जमेल असं मला वाटत नाही.

पहिलीच्या दोन बाईंनी विचारलंय म्हणून सांगते, पहिलीला गोट्या नका देऊ, तोंडात घालतात, आणि चिंचोके तर नाकात सुद्धा घालतात. बाटल्यांची मोठी झाकणं घ्या आणि पट्टी दहावर लावा, म्हणजे दोन दिवसांत भरेल. आवाज कमी येईल, त्यासाठी बरणीच्या ऐवजी पारदर्शक बादली चालेल, वरून उंचावरून टाकायची.