मी कधीच न पाहिलेल्या दुकानातली माझी नोकरी

डी.फार्म. (औषधविक्रीसाठी लागणारा डिप्लोमा) करून काही वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काम केलं, मग घरच्या अडचणीमुळे घरी बसावं लागलं आणि आता परत उभं राहायचंय, अशा बायकांसाठी मी हे मुद्दाम लिहितेय. कारण फार्मासिस्टचं नाव तिच्या नकळत भलत्याच मेडिकलला लावणारी माणसं नेमकी आपल्यालाच शोधतात. चालत्या दुकानातल्या फार्मासिस्टचं नाव त्या दुकानाच्या लायसन्सला आधीच लागलेलं असतं. आपलं नाव मोकळं असतं.

मी कराडची. दहा-बारा वर्षं एका मेडिकलमध्ये काम केलं. २०१८ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली. त्या गेल्यावर, २०२४ च्या सुरुवातीला, परत काम शोधायचं ठरवलं. कपाटातली फाईल काढली तर लक्षात आलं की फार्मसी कौन्सिलकडच्या माझ्या फार्मासिस्ट म्हणून नोंदणीची मुदत त्याच वर्षीच्या डिसेंबरात संपतेय आणि पाच वर्षांत मी एकही रिफ्रेशर कोर्स, म्हणजे उजळणीचा वर्ग, केलेला नाही.

नियम तसा सरळ आहे. २०१५ पासून फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स लागू आहेत. त्यानुसार नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करावे लागतात, प्रत्येक किमान एक दिवसाचा. दोन दिवस काढणं अवघड नव्हतं. पण फेब्रुवारीत मुलाची दहावी तोंडावर आलेली, आणि त्याच आठवड्यात जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. ‘रिफ्रेशर कोर्स घरबसल्या. नूतनीकरणाची सगळी जबाबदारी आमची.’ वर अशोकस्तंभाचं चित्र, खाली मोबाईल नंबर. पाठवणारी माझी वर्गमैत्रीण होती, म्हणून मी नंबर लावला. तिने स्वतः तो कोर्स केलेला नव्हता, नुसता मेसेज पुढे ढकलला होता, हे मला पुढे समजलं.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलला. “ताई, तुमच्यासारख्या गृहिणींसाठीच आम्ही हे सुरू केलंय. मुंबईला चकरा कोण मारणार?” दोन कोर्स आणि नूतनीकरणाचं काम मिळून ३,६०० रुपये. मी विचारलं, कौन्सिलची मान्यता आहे ना? तो म्हणाला, “मान्यतेशिवाय सर्टिफिकेट निघेल का ताई?” या उत्तरात होय कुठेच नाही, हे मला आज दिसतं. त्या दिवशी मी समाधानाने फोन ठेवला. पैसे एका व्यक्तीच्या नावावर यूपीआयने गेले. संस्थेचं खातं का नाही, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही.

पहिला कोर्स म्हणजे आधीच चित्रित केलेला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. हजेरी नाही, प्रश्न नाही, परीक्षा नाही. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट आलं, त्यावर ‘सहा तास’ असं छापलेलं. दुसऱ्या कोर्सच्या वेळी तो म्हणाला, “ताई, तुम्ही अनुभवी आहात, बसायची गरज नाही, सर्टिफिकेट पाठवून देतो.” मी हो म्हटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवलं तर बाकी सगळं सांगण्यात अर्थ नाही. त्या क्षणी मी नुसती फसवली जात नव्हते. न केलेल्या अभ्यासाचा कागद मी स्वतःहून घेत होते.

आणि आता खरी गोष्ट. नूतनीकरणासाठी म्हणून त्याने कागद मागवले: डिप्लोमाची गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र, आधार, पॅन, चार फोटो. सोबत चार पानांचा अर्ज. प्रिंट काढा, प्रत्येक पानावर सही करा आणि मूळ प्रत कुरिअरने पाठवा. चौथं पान जवळजवळ कोरं होतं. तळाशी फक्त ‘सही, नोंदणी क्रमांक, दिनांक’ एवढंच. मी फोन करून विचारलं. “तिथे बारकोड छापतात ताई.” मी शाईच्या पेनाने सही केली, नोंदणी क्रमांक घातला. तो म्हणाला दिनांक मोकळा ठेवा, म्हणून तो मोकळा ठेवला.

मार्च गेला, मे गेला. विचारलं की उत्तर यायचं, ‘प्रोसेसमध्ये आहे’. ऑगस्टमध्ये आमच्याच भागातल्या एका काकांनी नवं मेडिकल काढायचं ठरवलं आणि फार्मासिस्ट म्हणून मला बोलावलं. पगार ठरला, त्यांनी लायसन्सचा अर्ज भरला. चार दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

“तुम्ही दुसरीकडे नाव लावलंय, ते आधी सांगायचं होतं ना.”

मला कळेचना. काका मला घेऊन औषध निरीक्षक मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की सांगली जिल्ह्यातल्या एका दुकानाच्या लायसन्सवर एप्रिलपासून रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून माझं नाव आहे. मी त्या गावी कधी गेलेलीसुद्धा नाही. त्यांनी कागद दाखवला. ‘मी सदर दुकानात पूर्णवेळ काम करण्यास संमती देत आहे’ असा सहा ओळींचा टाइप केलेला मजकूर. खाली माझी सही, माझ्या अक्षरात माझा नोंदणी क्रमांक, आणि दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात तारीख. तेच चौथं पान.

“सही तुमची आहे का?” मॅडमनी विचारलं.

होती. नाही कसं म्हणणार?

या धंद्यात नसलेल्यांना वाटेल की नुसत्या नावाने काय होतं. फार्मसी ॲक्ट १९४८ चं कलम ४२ सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. म्हणजे फार्मासिस्टच्या नावाशिवाय मेडिकल उघडत नाही, आणि म्हणून त्या नावाला बाजारात भाव आहे. काहीजण सर्टिफिकेट उघड भाड्याने देतात, महिन्याला पैसे घेतात, दुकानात फिरकत नाहीत. त्याबद्दल मला पूर्वीपासून चीड होती. आता माझंच नाव तसं लागलं होतं, आणि त्याचं भाडं तिसराच कुणीतरी खात होता. माझे ३,६०० रुपये त्याच्या दृष्टीने किरकोळ होते. कोर्स हे आमिष होतं. त्याला हवं होतं ते कुरिअरमधून गेलं होतं.

सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? एच वन रजिस्टरची. मार्च २०१४ पासून शेड्युल एच वन या, जास्त जपून द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीतल्या औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं, वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स यातच येतात. पाच महिने त्या दुकानातून यातलं काय गेलं, कुणाला गेलं, चिठ्ठी होती की नव्हती, मला काहीच माहीत नाही. बिलांवर फार्मासिस्ट म्हणून सही होती. नाव माझं, पण ती सही कुणीतरी गिरवलेली. उद्या झोपेच्या गोळ्यांनी कुणाचं बरंवाईट झालं असतं, तर पोलीस विचारत माझ्या दारात आले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढच्या कितीतरी रात्री नीट लागली नाही.

त्याच आठवड्यात कौन्सिलला विचारलं. माझ्या नावाचा नूतनीकरणाचा अर्ज आलेलाच नव्हता आणि ते दोन्ही कोर्स त्यांच्या नोंदीत नव्हते.

पुढचं सगळं कंटाळवाणं होतं, पण करावंच लागलं. पोलीस ठाण्यात तक्रार, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन, सायबर पोर्टलवर नोंद, कौन्सिलला पत्र, औषध निरीक्षकांपुढे जबाब. १९३० वर पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येऊ शकते. मी सहा महिन्यांनी केला. त्या दुकानातून नाव काढण्यासाठी मला मी कधीच न केलेल्या नोकरीचा राजीनामा लिहून द्यावा लागला. तो लिहिताना हात थरथरत होता. काकांनी तोवर दुसरा फार्मासिस्ट घेतला. त्यांना दोष नाही, भाड्याने घेतलेला गाळा ते किती दिवस रिकामा ठेवणार?

मी काय चुकले ते एकदम स्पष्ट लिहिते. कौन्सिलला एक फोन आधी केला असता तर तिथेच सगळं थांबलं असतं. कोर्स कोण घेतंय आणि तो धरला जाणार का, हे पैसे भरण्याआधी त्यांनाच विचारा, मैत्रिणीला नको. नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भरा. तो काही अवघड नाही, पुढे मी एका संध्याकाळीत भरला. कागदाची झेरॉक्स कुणालाही देताना त्यावर आडवी रेघ मारून कशासाठी देताय ते आणि तारीख लिहा, अक्षरं कागदाच्या मजकुरावर जातील अशी. आणि सहीच्या वर कोरी जागा असेल तर सही करू नका. कितीही गोड बोलला तरी नको. ज्यांनी असं काही आधी केलंय त्यांनी आजच खात्री करून घ्या की आपलं नाव कुठल्या दुकानाला लागलेलं नाही ना. मला काकांमुळे कळलं. काका आले नसते तर अजूनही कळलं नसतं.

एक गोष्ट मात्र पैशाची नाही आणि कागदाचीही नाही, आणि तिचा मला जास्त त्रास होतो. त्या खोट्या सर्टिफिकेटनंतर, एप्रिलमध्ये, शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. अडीच वर्षांची मुलगी सर्दीने बेजार होती. घरात थोरल्याचे सर्दीचे थेंब शिल्लक होते, ते देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी बाटली पाहिली. क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रीन. आम्ही वर्षानुवर्षं काउंटरवरून देत आलेलो मिश्रण. मी म्हटलं, द्या, काही होत नाही.

ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात मी खरा रिफ्रेशर कोर्स केला. रविवार होता, सकाळी साडेनऊला हजेरी, संध्याकाळी पाचला परीक्षा. दुपारच्या सत्रात सरांनी सांगितलं की डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी हेच मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि तशी सूचना लेबलवर छापावी, असं कळवलंय. मी वहीत लिहीत होते ती थांबले. वहिनींची मुलगी ठणठणीत आहे, रोज जिन्यात खेळते. पण माझ्या हातात तेव्हा रिफ्रेशरची दोन सर्टिफिकेटं होती आणि मला हे माहीत नव्हतं. घरी आल्यावर वहिनींना जाऊन सांगितलं, बाटली टाकून द्यायला लावली.

त्याच दिवशी मेथोट्रेक्सेटवर जवळजवळ तासभर बोलणं झालं. संधिवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. गैरसमजाने कुणी रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो. सरांनी सांगितलं, पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहून भागत नाही. पेशंटला विचारून वार ठरवा आणि तो वार मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरा कोर्स मी नोव्हेंबरात केला आणि नूतनीकरण वेळेत झालं. जानेवारीपासून एका मेडिकलमध्ये उभी आहे. मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पाकिटावर लाल पेनाने वार लिहिते आणि पेशंटकडून तो एकदा वदवून घेते.

पैसे परत मिळालेले नाहीत. तक्रार चालू आहे. तो नंबर बंद झाला, पण परवा माझ्या नात्यातल्या एका मुलीने मला स्क्रीनशॉट पाठवला. तिनेही चार वर्षांपूर्वी नोकरी सोडलीय. संस्थेचं नाव नवीन, नंबर नवीन, वरचं चित्र आणि ‘सगळी जबाबदारी आमची’ ही ओळ तीच. तिच्या अर्जाचंही चौथं पान कोरं होतं. तिने अजून सही केलेली नव्हती.